निकालाच्या दिवशीची पेढी

मे महिन्यात झालेल्या सीए परीक्षेचा निकाल जुलैच्या पूर्वार्धात लागतो. त्या दिवशी गेवराई, माजलगाव, कडा, अंबाजोगाई अशा गावांतील काही पेढ्यांवर एक निराळीच शांतता असते. गिऱ्हाईक येते, काटा चालतो, पोती उतरतात. परंतु गल्ल्यावर बसलेल्या वडिलांचे लक्ष मोबाईलकडे असते. मुलगा पुण्याच्या खोलीत आहे. त्याचा फोन लगेच आला तर पेढे मागवायचे. दुपार उलटूनही आला नाही, तर घरातले कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी शेजारचे दुकानदार मात्र विचारतातच, "काय झालं हो निकालाचं?" अनुत्तीर्ण होण्यापेक्षा हा प्रश्न त्या घराला अधिक जड जातो.

वास्तविक आकडे पाहिले तर लाजण्यासारखे काही नाही. मे २०२४ च्या फायनल परीक्षेत दोन्ही ग्रुपना एकत्र बसलेल्या ३५,८१९ विद्यार्थ्यांपैकी ७,१२२ उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३०,७६३ पैकी ४,१३४. म्हणजे एका खेपेस शंभरातले वीस, तर दुसऱ्या खेपेस चौदाही नाहीत. इंटरची चाळणी ओलांडून आलेल्या मुलांची ही गत आहे. ज्या परीक्षेत नापास होणे हाच सर्वसाधारण अनुभव आहे, तिच्या निकालाकडे दहावीच्या निकालासारखे पाहणे हा हिशेबातलाच दोष होय.

हा व्यवसाय आपल्याकडे फार जुना नाही. मुंबईत १९१८ साली सरकारी अकौंटन्सी पदविका सुरू झाली. १९३२ च्या नियमांनी 'रजिस्टर्ड अकौंटंट' ही ओळख दिली आणि १ जुलै १९४९ रोजी सध्याची इन्स्टिट्यूट अस्तित्वात आली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन त्या दिवशी वर्षही पुरे झाले नव्हते. बीडच्या पेढ्यांवर तेव्हा दिवाणजींची रोजकीर्द आणि खतावणी हेच शास्त्र होते. त्याच पेढ्यांची नातवंडे आज फायनलला बसतात. आजोबांना हिशेब कळत होताच. नातवाला तो दुसऱ्याच्या वतीने तपासून खाली सही करायची आहे. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचे दुःख या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. त्या सहीचे मोल येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परीक्षा कठीण का, याचेही उत्तर बहुधा तेथेच आहे.

आता नियमांकडे येऊ, कारण पालकांपैकी फार थोड्यांना ते नीट ठाऊक असतात. एका ग्रुपमध्ये तीन पेपर असतात, प्रत्येकी शंभर गुणांचे. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५० गुण हवेत. एखाद्याला ६१, ४७ आणि ४१ गुण मिळाले, तर तो एकाही पेपरात कमी पडलेला नाही. बेरीज मात्र १४९. तो नापास. एका गुणाने सहा महिन्यांचे श्रम गेले, असे घरात म्हटले जाते आणि येथेच चूक होते. त्याने तिन्ही पेपर दिलेले आहेत आणि एकात साठच्या वर गुण आहेत, म्हणून त्या पेपरात त्याला पुढील तीन परीक्षांपर्यंत सूट मिळते. ते ६१ गुण बेरजेत धरलेही जातात. त्याला आता दोन पेपरांत मिळून ८९ गुण हवे आहेत आणि प्रत्येकात ४० ची अट आहे. वाया गेले म्हणतात त्यातले बरेच पुढच्या पानावर जमेस ओढलेले असते.

दुसरी गोष्ट दोन्ही ग्रुप एकत्र देण्याची. हाच मुलगा दोन्ही ग्रुपना बसला असता आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये त्याला प्रत्येक पेपरात ४० च्या वर राहून १५८ गुण मिळाले असते, तर एकूण बेरीज ३०७ झाली असती. सहाशेपैकी तीनशे पुरतात, म्हणून तो दोन्ही ग्रुप उत्तीर्ण ठरला असता. एका खात्याची वाढ दुसऱ्या खात्याची तूट भरून काढते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. अर्थात सहापैकी एखाद्या पेपरात चाळीसच्या खाली घसरण झाली तर ही सोय हातची जाते. मग ज्या ग्रुपचे स्वतःचे दीडशे भरले असतील आणि ज्यात कोणताही पेपर चाळीसखाली नसेल, तोच काय तो वाचतो. म्हणून निर्णय मुलाच्या तयारीवर व्हावा. प्रत्यक्षात तो पुष्कळदा भीतीवर होतो. एकच ग्रुप देणे सावधपणाचे वाटते, पण सहाही पेपरांची बरी तयारी असताना केवळ धास्तीने एक ग्रुप मागे ठेवणे म्हणजे चालू माल गोदामात कुजवणे होय.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाच गोष्टीवर येथे थांबावेसे वाटते. मुले व्हिडिओ व्याख्याने दीडपट वेगाने ऐकतात आणि दिवसअखेर दहा तास झाले म्हणून समाधान मानतात. ते तास ऐकण्याचे असतात, लिहिण्याचे नसतात. बँकेत रोकड रोज संध्याकाळी मिळवावी लागते. महिन्याची चूक महिनाअखेरीस शोधू म्हटले तर सापडत नाही. तशी एक साधी वही ठेवावी. तिच्यात तास लिहू नयेत. पुस्तक मिटून कोणते प्रश्न सोडवले, कोणते अडले, एवढेच लिहावे. आठवड्यातून एकदा इन्स्टिट्यूटची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण तीन तास, मध्ये न उठता, हाताने लिहावी आणि संस्थेनेच प्रसिद्ध केलेल्या आदर्श उत्तरांशी ताडून स्वतःला कंजूषपणे गुण द्यावेत. मन खचलेल्या मुलाला भाषणाने जी उभारी येत नाही, ती मागल्या आठवड्यात अडलेला प्रश्न या आठवड्यात सुटल्याने येते. आणखी एक सावधगिरी हवी. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने थोरल्या भावाच्या प्रत्यक्ष कराच्या नोट्स, कितीही सुवाच्य असल्या तरी, कपाटात राहिलेल्या बऱ्या.

घराचा वाटा येथे मोठा आहे. २०२५ पासून फायनल परीक्षा वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मेमध्ये बीडचा उन्हाळा आणि लग्नसराई, सप्टेंबरच्या तोंडावर पर्युषण. चुलतभावाच्या लग्नाला एक दिवस तरी ये, असा आग्रह होतो. तो एक दिवस प्रवास आणि जागरण धरून चार दिवसांचा होतो. प्रतिक्रमण करून पुन्हा पुस्तकाशी बसणारी मुले-मुली पुष्कळ आहेत आणि त्यांना त्यातून स्वस्थता मिळते. परंतु परीक्षा आठ-दहा दिवसांवर असताना अठाईची अपेक्षा घरच्यांनी व्यक्तही करू नये. तो निर्णय ज्याच्या शरीराने पेपर लिहायचा आहे त्याचाच असावा.

मुलीच्या बाबतीत घड्याळ आणखी कठोर चालते. मुलाला पाचवा अटेम्प्ट मिळतो, मुलीला दुसऱ्यानंतर स्थळे दाखवतात. आर. शिवभोगम १९३३ साली या देशातील पहिल्या महिला लेखापाल झाल्या. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या बैठकीत हा प्रश्न निघतोच. मुलीला मुलाइतकेच अटेम्प्ट द्यावेत, एवढा साधा हिशेब आहे.

किती वेळा बसायचे, याची मर्यादाही असावी. मात्र ती निकालाच्या रात्री रागात ठरू नये. फायनलचा फॉर्म भरतानाच बाप-लेकाने ती ठरवावी आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, त्यामुळे वयाचा हिशेब पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. आणि मर्यादा गाठून कोणी परतला, तरी इंटर उत्तीर्ण होऊन दोन वर्षे ऑडिट केलेला तरुण पेढीचा जीएसटी, उधारी आणि बँकेची मर्यादा ज्या नजरेने पाहतो, ती नजर पगार देऊन मिळत नाही.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. निकालानंतर दोन दिवसांनी पुण्याहून निघालेला मुलगा नगरला गाडी बदलून बीडच्या स्थानकावर उतरू शकतो. त्या रात्री पेढीचे शटर ओढल्यावर वडिलांनी त्याला गादीवर शेजारी बसवावे, "पुढं काय?" हे न विचारता गुणपत्रक मागावे आणि पेन्सिल घेऊन विचारावे, "कोणत्या पेपरात किती आले? बेरीज कुठं अडली?"