मृत्यूच्या वहीचे वकील

‘किरा चुकला नाही, तो फक्त सापडला.’ एका जपानी चित्रकथेच्या वाचकांचा हा निवाडा अलीकडे आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. आमच्या बालाघाटासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नवरात्राच्या मंडपामागे खुर्च्या मांडून बसलेली कॉलेजची मुले मोठ्या हिरिरीने तो मांडतात. आणि पुण्या-मुंबईकडे, मडगावाकडे किंवा मंगळुराकडे शिकावयास गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात ती हाच निवाडा घेऊन येतात. वाचकाने कथेवर मत द्यावे, हा त्याचा अधिकार आहे. परंतु हे मत कथेपुरते राहत नाही. ते न्यायाविषयीचे मत आहे, आणि म्हणूनच आम्ही त्यास हरकत घेत आहो.

ज्या वडीलधाऱ्यांनी ही कथा वाचली नाही त्यांच्याकरिता तिचे सूत्र सांगणे अवश्य आहे. ‘डेथ नोट’, म्हणजे मृत्यूची वही. त्सुगुमी ओबा या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही रचना, ताकेशी ओबाता यांची चित्रे. ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात २००३ च्या डिसेंबरापासून २००६ च्या मेपर्यंत ती १०८ प्रकरणांत क्रमशः आली आणि पुढे १२ खंडांत निघाली. रयुक नावाचा एक मृत्युदेव आपल्या लोकी कंटाळतो आणि करमणूक म्हणून मृत्यूची एक वही पृथ्वीवर टाकून देतो. ती लाइट यागामी या सतरा वर्षांच्या, अत्यंत हुशार, पोलीस अधिकाऱ्याच्या मुलास सापडते. वहीचा नियम असा की, चेहरा मनात आणून ज्याचे नाव तीत लिहावे तो मरतो; कारण लिहिले नाही तर ४० सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. जग त्यास ‘किरा’ म्हणते, भिते, आणि हळूहळू पूजूही लागते. त्यास शोधणारा गुप्तहेर म्हणजे ‘एल’. या दोघांच्या डावपेचांत वाचक असा काही गुंततो की, रात्रीचे दोन वाजले तरी पुस्तक खाली ठेववत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

या वाचकांच्या विरुद्ध बाजूस दुसरा एक पक्ष उभा आहे. देवळाच्या वाचनालयांतून असली ‘यमाची पुस्तके’ काढून टाकावी, असे तो म्हणतो. त्याचा समाचार आम्ही दोन वाक्यांत घेतो. चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २०१५ साली ३८ चित्रमालिका निषिद्ध ठरविल्या, त्यांत हीही होती, आणि तिचे वाचक त्यामुळे घटले असे काही आमच्या ऐकिवात नाही. शिवाय ज्या घरांत तेराव्यापर्यंत गरुडपुराण वाचले जाते आणि ज्या घरांच्या माळ्यांवर नारायण धारपांच्या भयकथा व बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार अजून सापडतो, त्या घरांनी यमाच्या नावाने दचकावे हे जरा चमत्कारिकच!

मुख्य वाद तरुण वाचकांशी आहे. त्यांचे म्हणणे असे: किराने दुष्टांस मारले, कायदा जे करू शकत नव्हता ते त्याने केले, जग भिऊन सुधारले. ठीक. आम्ही वकील आहो, तेव्हा पहिला प्रश्न पुराव्याचा विचारतो. लाइटला ही नावे कोठून मिळतात? दूरदर्शनवरच्या बातम्यांतून! ज्याचे छायाचित्र बातमीत आले आणि ज्यास निवेदकाने संशयित म्हटले, त्याचे नाव वहीत गेले. साक्ष नाही, उलटतपासणी नाही, आरोपीचे म्हणणे नाही. इतकेच नव्हे, तर वहीचे नियम तपासून पाहण्याकरिता तो तुरुंगातील कैद्यांवर प्रयोगही करतो. कोणी भिंतीवर चित्र काढून मरावा, कोणी पळून जाऊन मरावा, असे लिहून पाहतो. आमच्या तरुण मित्रांनी ही पाने वाचली आहेत. ती त्यांच्या निवाड्यात का येत नाहीत, हे त्यांनी सांगावे.

आणि निरपराधांचे काय? ‘एल’च्या नावाने पडद्यावर एक मनुष्य येतो आणि किरास दुष्ट म्हणतो, त्या एका शब्दासाठी लाइट त्याचे नाव लिहितो. तो मनुष्य मुळात फाशीचा कैदी होता ही गोष्ट लाइटला ठाऊक नव्हती. त्याच्या दृष्टीने तो केवळ टीकाकार होता. त्यानंतर अमेरिकेहून तपासास आलेले १२ अधिकारी मरतात. त्यांचा अपराध इतकाच की, ते आपले काम करीत होते. पहिल्या नावापासून या बारा नावांपर्यंतचा प्रवास लेखकाने पहिल्या दोन खंडांतच संपविला आहे.

यावर उत्तर येते की, ही कथा आहे. प्रत्यक्षात वही असती तर ती शहाण्या माणसाच्या हाती दिली असती. तर मग प्रत्यक्षाकडेच वळू, आणि तेही त्याच जपान देशात. १९६६ साली एका कुटुंबातील चौघांच्या खुनाबद्दल इवाओ हाकामादा या मुष्टियोद्ध्यास अटक झाली. तेव्हा त्याचे वय ३० होते. दीर्घ चौकशीत त्याचा कबुलीजबाब घेण्यात आला. १९६८ साली त्यास मृत्युदंड झाला. ज्या वर्षांत लाखो वाचक दर आठवड्यास किराचे पराक्रम वाचत होते, त्या सर्व वर्षांत हाकामादा फाशीच्या कोठडीत बसून होता. २०१४ साली तो सुटला आणि २०२४ च्या सप्टेंबरात शिझुओकाच्या न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. रक्ताने माखलेले कपडे, ज्यांवर सारा खटला उभा होता, ते तपास करणाऱ्यांनीच बनविलेले होते असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा त्याचे वय ८८ होते. आम्ही विचारतो: शहाण्यातल्या शहाण्या माणसाच्या हाती वही दिली असती, तर १९६८ नंतर तीत पहिल्या काही नावांत कोणाचे नाव असते? न्यायालयाने शिक्षा दिलेला, कबुली दिलेला, चौघांचा खुनी! त्याहून ‘खात्रीचा’ अपराधी कोण? न्यायालयाची चूक दुरुस्त होण्यास ५६ वर्षे लागली, ही लाजेची गोष्ट खरीच. वहीतली चूक मात्र ४० सेकंदांनंतर ब्रह्मदेवासही दुरुस्त करता येत नाही.

आपल्या परंपरेत यमाची वही आहे, ती चित्रगुप्ताजवळ. पण तिची व्यवस्था पाहावी. चित्रगुप्त लिहितो, पण दंड देत नाही. यम दंड देतो, पण लिहीत नाही. दूत नेतात, पण ठरवीत नाहीत. लिहिणारा, ठरविणारा आणि अंमल करणारा हे तिघे निरनिराळे ठेवण्याची बुद्धी ज्या कल्पकतेस झाली तिला आम्ही भाबडी म्हणणार नाही. लाइटच्या वहीत हे तिघेही एकच होऊन बसले आहेत.

एवढेही पुरे नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनी लूट त्याच्या आश्रमात लपविली आणि तेही तेथेच दडले. राजाचे लोक आले. ऋषी मौनव्रतात होता, म्हणून विचारले तरी बोलला नाही. न बोलणे म्हणजे कबुली असे समजून राजाने त्यास चोरांबरोबर सुळावर दिले. तो मेला नाही. पुढे राजास चूक कळली, त्याने क्षमा मागितली, पण सुळाचे टोक शरीरातच राहिले आणि ऋषी अणीमांडव्य झाला. मग तो थेट धर्मराजाच्या सभेत गेला. माझा अपराध कोणता, हे सांग, म्हणाला. धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या पुच्छात गवताची काडी खुपसली होतीस, त्याचे हे फळ. ऋषीने हे ऐकून घेतले नाही. अपराध लहान, दंड मोठा; आणि अजाण वयातल्या कृत्यास पाप म्हणावयाचे नाही, चौदा वर्षांपर्यंत नाही, अशी मर्यादा त्याने तेथेच घालून दिली आणि धर्मराजास शाप दिला. साक्षात यमधर्मास दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्म घ्यावा लागला! ज्या समाजाने ही कथा रचली, त्याने मृत्यूच्या देवतेससुद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. भागवतातील अजामिळाच्या उशाशी तर यमदूत आणि विष्णुदूत यांचा चक्क अधिकाराविषयी वाद होतो आणि यमदूत हात हलवीत परत जातात. अशा कथा देवळात ऐकत वाढलेल्या मुलांनी किराला ‘नव्या युगाचा देव’ म्हणावे?

या पत्राच्या किनाऱ्याकडील वाचकांस तर याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन मधला अल्प खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. आणि त्याची रीत अशी होती की, चहाडी कोणी केली हे आरोपीस कळू द्यावयाचे नाही. नाव कोणीतरी दिले, एवढेच. ज्यांच्या कुलदेवता त्याच शतकात जुनी स्थाने सोडून मंगेशी आणि कवळ्यास आल्या, त्यांच्या घरांत अदृश्य हाताने लिहिलेल्या नावांचे भय अजून आठवणीत असेल. आमच्या बालाघाटासही ते निराळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. बैहर आणि लांजीच्या जंगलपट्टीत नक्षलवाद्यांच्या ‘जनअदालती’नी खबऱ्या ठरवून माणसे मारली, १९९९ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशाचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांस किरनापूर भागातील त्यांच्या गावी घरातून ओढून ठार करण्यात आले. मारणारेही ‘दुष्टांचे निर्दालन’ हेच शब्द वापरीत होते. आमच्या येथल्या मुलांनी किराचे समर्थन करावे याचे आम्हांस म्हणूनच अधिक वाईट वाटते.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही टाळत नाही. कायदा येतच नाही, तेव्हा माणसाने काय करावे? १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच अक्कू यादव या गुंडास जमावाने ठार केले. जमावात कस्तुरबानगरातील स्त्रिया होत्या, ज्यांस त्याने वर्षानुवर्षे छळले होते आणि ज्यांच्या तक्रारींकडे पोलिसांनी पाठ फिरविली होती. त्या स्त्रियांस दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांनी सोसले होते, त्या समोर उभ्या होत्या, चेहरे उघडे होते आणि पुढे त्यांच्यातल्या कित्येकींस खटल्यास तोंडही द्यावे लागले. किराने काय सोसले होते? उत्तम घर, उत्तम गुण, आणि कंटाळा. मृत्युदेवासही कंटाळा आणि वही उचलणाऱ्यासही कंटाळा, ही लेखकाची खूण आमच्या तरुण वाचकांच्या नजरेतून सुटली आहे.

उलट ६ डिसेंबर २०१९ ची हैदराबादची घटना घ्यावी. एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरील अमानुष अत्याचाराचे चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीस आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आमच्या शेजारच्या नागपूरच्या वकीलवर्गातून वर गेलेले. २०२२ साली उघड झालेल्या अहवालात पोलिसांची हकीकत अविश्वसनीय ठरली, गोळीबार मारण्याच्या हेतूनेच केला गेला असे म्हटले, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अज्ञान होते असाही निष्कर्ष निघाला. मांडव्याने घालून दिलेली वयाची मर्यादा तपासण्यास त्या पहाटे कोणास सवड झाली नव्हती. उधळलेली फुले परत वेचावयास कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

कथेविषयी वाचकांचे आणखी एक मत आहे, आणि ते आम्हांस मान्य आहे: ‘एल’ मेल्यानंतर कथेची पकड सैल होते. मात्र वकिलाच्या डोळ्यांस एक गोष्ट याच उत्तरार्धात दिसते. १०८ प्रकरणांत किराविरुद्धचा खटला कोठेच उभा राहत नाही, आणि कायद्याचा म्हणावा असा जो एक महत्त्वाचा मनुष्य कथेत येतो तो तेरू मिकामी हा सरकारी वकील; तो वही हाती घेतो आणि सर्वांत निष्ठेने नावे लिहितो. आमच्या व्यवसायाचा याहून कठोर उपहास आम्ही वाचलेला नाही.

शेवटची प्रकरणे ज्यांनी घाईने वाचली असतील त्यांनी ती पुन्हा उघडावी. लाइट सापडतो. त्याचे शत्रू त्यास लगेच गोळी घालीत नाहीत. त्यास बोलू देतात. आपण युद्धे थांबविली, गुन्हे सत्तर टक्क्यांनी घटविले, हे सारे तो पानेच्या पाने सांगतो, आणि निअर नावाचा मुलगा ते शांतपणे ऐकून घेऊन त्यास उत्तर देतो. सबंध कथेत आपली बाजू मांडावयास मिळालेला जवळजवळ एकटा आरोपी म्हणजे तोच. त्यानंतर रयुक आपली वही काढतो आणि त्याचे नाव लिहितो. लाइट ओरडतो, मरावयाचे नाही म्हणून गयावया करतो. चाळीस सेकंद उरलेले असतात.