परीक्षानळीला कुलूप कशासाठी?

घरी रसायनांचे लहानसहान प्रयोग करू पाहणाऱ्या मुलाला हल्ली एकच उत्तर मिळते : ‘विषाची परीक्षा कशाला घ्यावी?’ दुकानदार हेच म्हणतो आणि पालकही हेच म्हणतात. कायद्याचे नाव पुढे करून चाललेल्या या टाळाटाळीला आमचा विरोध आहे.

कायद्याला नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. आम्लहल्ल्यांविषयीच्या लक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहावे, कारण विचारावे, नोंदवही ठेवावी आणि १८ वर्षांखालील कोणासही आम्ल विकू नये, असा तो आदेश. जेथे बाटलीभर ॲसिडने एखादीचे आयुष्य होरपळते, तेथे हे निर्बंध हवेतच.

परंतु शिक्षणसंस्थांनी आम्ल कसे बाळगावे, हेही त्याच आदेशात आहे : वापराची नोंदवही, एक जबाबदार व्यक्ती आणि देखरेखीखालील साठा. न्यायालयाने दार लावले नाही; दारावर राखणदार बसवला. दार लावले ते आपल्या आळसाने. तुरटीचे स्फटिक वाढवायला किंवा चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ करायला आम्ल लागतच नाही. तरी ‘तेही नको’ म्हणणारी घरे आम्ही पाहतो.

ही भीती वडोदऱ्याला शोभत नाही. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले, ते त्रिभुवनदास गज्जर या रसायनज्ञाच्या पुढाकाराने. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर काढणारे गज्जर ते हेच. तिकडे कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ साली बेंगॉल केमिकलचा आरंभ केला तो राहत्या घरी, अवघ्या ७०० रुपयांच्या भांडवलावर. त्या घरी ‘विषाची परीक्षा नको’ म्हणणारेच वरचढ ठरते, तर?

आमची मागणी साधी आहे. खत व पेट्रोरसायनांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली जाणती माणसे आपल्या कुटुंबांत आहेत. शाळांनी त्यांच्या हाती रविवारचे दोन तास प्रयोगशाळेची किल्ली द्यावी. डोळ्यांना चष्मा, जवळ पाण्याची बादली आणि नोंदवहीत प्रत्येक थेंबाचा हिशेब असावा. एवढीही तोशीस सोसायची नसेल, तर ‘आपली मुले संशोधनात का दिसत नाहीत?’ हा प्रश्न पुढच्या स्नेहसंमेलनात कोणी विचारू नये.