आधी नोंद, मग बांधणी

रायगडच्या किनाऱ्यावर ‘कोळी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो होडी लोटणारा दर्यावर्दी. त्याच नावाचा दुसरा एक रहिवासी किनाऱ्यामागच्या टेकड्यांवर, शेतांच्या बांधांवर आणि पालापाचोळ्याखाली युगानुयुगे राहत आला आहे, याची दखल सहसा घेतली जात नाही. बोटाच्या पेराहून लहान, मातीच्या रंगाचा, हवेत जाळे न विणता जमिनीवरच शिकार करणारा असा हा आठ पायांचा प्राणी. एखाद्या अभ्यासकाने त्याची नवी जात शास्त्राला ज्ञात करून दिली, तर वृत्तपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते, वाचकाला क्षणभर गंमत वाटते आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो : याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र प्राणिशास्त्राइतकेच अर्थशास्त्रातही शोधावे लागते. ज्या किनाऱ्यावर जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची किंमत वर्षागणिक वाढते आहे, तेथे त्या जमिनीवर काय होते याची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही, हा मूळ मुद्दा आहे.

नवी जात ‘सापडते’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. सापडतो तो केवळ एक कोळी. तो नव्या जातीचा आहे हे सिद्ध करावे लागते आणि ते काम कष्टाचे, वेळखाऊ व प्रसिद्धीपासून दूर राहून करण्याचे असते. नमुना मद्यार्कात जतन करावा लागतो. तो प्रौढ असावा लागतो, कारण पिल्लांवरून जात ठरवणे बहुधा अशक्य असते. नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांची आणि मादीच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिची चित्रे काढावी लागतात. डोळ्यांची मांडणी आणि पायांवरील काटे यांची मोजमापे घ्यावी लागतात. त्यानंतर, आजवर वर्णन झालेल्या सर्व जवळच्या जातींशी तुलना करावी लागते. भारतातील कोळ्यांसाठी या शोधयात्रेत पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या १९०० सालच्या ग्रंथापर्यंत आणि पुष्कळदा लंडनच्या संग्रहालयातील जुन्या बाटल्यांपर्यंत मागे जावे लागते. एवढे झाल्यावर वर्णन छापले जाते, नाव दिले जाते आणि ज्या नमुन्यावर ते नाव आधारलेले आहे तो संग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे शंभर वर्षांनीही कोणाला शंका आली तर तो पुन्हा तपासता यावा. कोळ्यांच्या नामकरणाची ही परंपरा क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून सुरू होते. प्राण्यांच्या नामकरणाचा आरंभ मानल्या जाणाऱ्या लिनियसच्या आवृत्तीच्याही आधी तिला अग्रक्रम दिला गेला आहे.

या नावाचे महत्त्व कोकणातील माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही कागदावर नाव नसले की हक्क बुडतो, हा अनुभव खोतीच्या काळात या किनाऱ्याने घेतला आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून जो संप केला, त्याच्या मुळाशी कसणारा आणि त्याचा हक्क यांच्यातील हीच फारकत होती. वहिवाट डोळ्यांना दिसते, पण कायद्याला नोंद लागते. शास्त्रीय नाव ही प्राण्याची सातबाऱ्यावरची नोंद होय. ती नसेल तर त्याच्याविषयी मिळालेले ज्ञान कोणत्या खात्यावर जमा करावे हे कळत नाही, आणि तो नष्ट झाला तर खर्च कोणत्या खात्यावर टाकावा हेही कळत नाही.

जमिनीवरच्या कोळ्यांच्या बाबतीत ही नोंद विशेष निकडीची ठरते. त्यांपैकी बिळात राहणारे काही कोळी बिळाच्या तोंडाला मातीची व रेशमाची झडप बसवतात. या गटातील मादी बहुधा जन्मभर आपले बीळ सोडत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील अशा एका मादीवर बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने १९७४ पासून लक्ष ठेवले होते. ‘क्रमांक १६’ म्हणून ओळखली गेलेली ती मादी २०१६ मध्ये मरण पावली तेव्हा तिचे वय ४३ वर्षे होते आणि तिचे घर तेच होते. पक्षी उडून जातो, बिबट्या वाट बदलतो; बिळातला कोळी मात्र टेकडीबरोबर राहतो आणि टेकडीबरोबर जातो. असे प्राणी फार दूरवर पसरत नसल्याने काहींचा साऱ्या जगातील आढळ दोन-चार डोंगरांपुरता मर्यादित असू शकतो. मुरूड व रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे पूर्वीचे शिकारीचे रान वाचले, ही समाधानाची बाब आहे. परंतु अभयारण्याची सीमा मोठी जनावरे आणि दाट झाडी पाहून आखली जाते. उजाड दिसणारी टेकडी आणि खाजणाचा बांध तिच्या बाहेरच राहतात.

उपयोगाचाच हिशेब हवा असेल तर भातशेतीकडे पाहावे. रायगड जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. आशियातील भातखाचरांत पाण्याच्या कडेने धावणारा एक लहान लांडगा-कोळी, पार्डोसा स्यूडोॲन्युलाटा, तपकिरी तुडतुड्यांचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडतो. कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीने आधी कोळी मरतात आणि मग तुडतुडे माजतात, हे फिलिपीन्स व इंडोनेशियातील संशोधनाने दाखवून दिले. त्याच आधारावर इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली. एका देशाचे कृषिधोरण बदलणाऱ्या या संशोधनाची पूर्वअट कोणती होती? निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी पाहिलेला कोळी एकच आहे, हे सांगणारे नाव. ते वर्णन १९०६ साली झाले होते, आणि ते करणाऱ्यांना ऐंशी वर्षांनंतरच्या तुडतुड्यांची कल्पना असण्याचे कारण नव्हते. उपयोग आधी सिद्ध करा, मग नाव देऊ, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर उपयोग कधीच सिद्ध झाला नसता.

येथेच अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धांत लागू पडतो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना मिळतो आणि कोणालाही त्यापासून वगळता येत नाही, तिच्यासाठी स्वेच्छेने पैसे मोजायला कोणी पुढे येत नाही. दीपगृह हे तिचे नेहमीचे उदाहरण. जातीचे वर्णन ही अशीच सार्वजनिक वस्तू आहे. बाजार ती पुरवणार नाही, शासनानेच पुरवली पाहिजे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने आणि तिच्या पुण्यातील केंद्राने हे काम दीर्घकाळ केले. त्या केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. बी. के. टिकादर यांचे १९८० व १९८२ चे भारतीय कोळ्यांवरील खंड आजही अभ्यासकांना हाताशी ठेवावे लागतात. परंतु कामाच्या पसाऱ्याच्या मानाने माणसे थोडी आहेत. जगात वर्णन झालेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ मध्ये ५० हजारांवर गेली. भारतातील आकडा दोन हजारांच्या आसपास आहे आणि दरवर्षी त्यात भर पडते आहे. नमुना गोळा होण्यापासून त्याचे नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे सर्व प्रकारच्या सजीवांचा विचार करणाऱ्या २०१२ सालच्या एका अभ्यासाचे अनुमान आहे.

एकवीस वर्षे म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर किती काळ? न्हावाशेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. २००४ मध्ये ती टेकडी जागच्या जागी होती. त्या वर्षी तिच्या उतारावरून कोणी एखादा अनोळखी कोळी उचलून बाटलीत ठेवला असता, तर सरासरीच्या हिशेबाने त्याचे नामकरण विमानतळाच्या उद्घाटनाच्या वर्षी झाले असते. आता त्या उतारावर कोणकोणत्या जाती होत्या हे पूर्णपणे सांगणे कोणालाही शक्य नाही.

शासन कमी पडते तेथे हौशी अभ्यासक पदरमोड करून काम करतात, आणि त्याची परंपरा याच किनाऱ्यावर आहे. संग्रहालयातील नोकरी निधीअभावी गेल्यावर सालिम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्या अभ्यासाने त्यांचे नाव जगात झाले. पण तो एका बेकार माणसाने केला होता, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या मुंबई-ठाण्यातही अलीकडे हेच दिसते. आरे वसाहतीतून २०१० च्या सुमारास एका विंचवाचे वर्णन झाले आणि त्याला आरेचेच नाव मिळाले. ठाणे-कल्याण परिसरातील एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ मध्ये आरेतील झाडे तुटली ती तुटलीच. पण त्या भूमीची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती निदान काही छापील नावे होती. रायगडच्या अनेक टेकड्यांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एका कोळ्यासाठी रस्ते आणि बंदरे अडवायची काय, हा पहिला. रोजगारासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे : नवी जात म्हणजे दुर्मीळ जात नव्हे, ती आणखी पन्नास ठिकाणी असू शकेल. हेही खरे आहे. परंतु हे दोन्ही आक्षेप नोंदीच्या विरुद्ध जात नाहीत, उलट तिची गरजच सिद्ध करतात. जात सर्वत्र आहे असे आढळले तर प्रकल्पाचा मार्ग मोकळा होतो. ती एकाच टेकडीवर असेल तर रस्ता शंभर मीटर सरकवणे परवडते की नाही, याचा विचार तरी करता येतो. अज्ञानात घेतलेला निर्णय स्वस्त नसतो. त्याची किंमत फक्त दिसत नाही.

आज प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांसाठी सामान्यतः पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती गोळा केली जाते. कोकणातील जमिनीवरचे जीवन ज्या चार महिन्यांत बाहेर येते, तेच चार महिने यातून निसटतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नवी जात शोधणाऱ्यावर तिचा नमुना नियुक्त संस्थेत जमा करण्याचे बंधन घातले आहे. जमीन खोदणाऱ्यावर मात्र शोधून पाहण्याचे असे बंधन नाही. ही उणीव दूर करता येईल. मोठ्या प्रकल्पाच्या जागेवर खोदाईपूर्वी एक पूर्ण पावसाळा लहान प्राण्यांची पद्धतशीर गणना व्हावी, नमुने सार्वजनिक संग्रहालयात ठेवले जावेत, आणि हे काम अलिबाग, पनवेल, महाडच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांना मानधन देऊन सोपवावे. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. सागरी सेतूला सुमारे १७,८४० कोटी रुपये लागले. दहा हजार रुपयांमागे एक रुपया बाजूला काढला असता तरी पावणेदोन कोटींहून अधिक रक्कम उभी राहिली असती. एवढ्या पैशात एका जिल्ह्याचे हे काम कित्येक वर्षे चालेल.

असे आधी कोणी केले आहे काय, असे विचारणाऱ्याने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे बोट दाखवलेले पाहावे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे या नोंदी बिघडणार हे ध्यानात येताच, ट्राम धावण्यापूर्वीच, १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली दोन्ही ठिकाणच्या नोंदी १९०६ पर्यंत एकाच वेळी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मोजमापांचा मेळ बसावा. मग १९०७ मध्ये ट्राम आली. ट्राम अडली नाही आणि नोंदही तुटली नाही. ती आज पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची झाली आहे. चुंबकसूचीच्या न दिसणाऱ्या थरथरीसाठी जी दूरदृष्टी परक्या सरकारला दाखवता आली, ती पायाखालच्या जिवंत मातीसाठी स्वकीयांच्या शासनाला दाखवता येऊ नये काय?