तिकोनी तुकडा आणि बहिणीचा हिस्सा

बदनापूरजवळच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. वडिलांचा इंतकाल होऊन दीड वर्ष झाले. मागे आई, दोन भाऊ आणि ही एक बहीण. मरहूमांचे आईवडील हयात नाहीत. जमीन १ एकर ८ गुंठे. भावांनी आपणहून हिस्सा देऊ केला, याचा आम्हाला आनंद वाटला, कारण कितीतरी घरांत हक्कसोडपत्रावर सही घेऊन विषय मिटवला जातो. पण देऊ केला तो रस्त्याकडचा तिकोनी तुकडा. 'हा माझ्या हिश्श्याइतका भरतो का, हे मला स्वतःला कसे कळेल?' असे त्या विचारतात.

बदनापूर भागात असे तुकडे पुष्कळ. जालना-औरंगाबाद रस्ता, मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आणि आता समृद्धी महामार्ग, तिन्ही याच तालुक्यातून जातात. चौकोनी शेताला रस्ता तिरपा छेदून गेला की कोपऱ्यात त्रिकोण उरतो.

आधी हिस्सा पाहू. कफन-दफन, कर्ज आणि वसीयत वजा जाता उरलेल्या मालमत्तेत, सूरह निसाप्रमाणे, अपत्ये असताना पत्नीला आठवा भाग आणि बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. ४८ गुंठ्यांतले आईचे ६. राहिलेल्या ४२ चे पाच भाग केले की प्रत्येक भावाला १६.८ आणि बहिणीला ८.४ गुंठे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा बहिणीचे सुमारे ९१४८ चौरस फूट झाले.

आता तुकडा. हिशेब सोपा जावा म्हणून त्यांनी कळवलेली मापे आम्ही जरा गोल केली आहेत. रस्त्याकडची बाजू १३० फूट, शेजाऱ्याच्या धुऱ्याची १४०, भावांच्या शेताला लागून १५०. भावांनी १३० ला १४० ने गुणून निम्मे केले : ९१००. म्हणजे जवळजवळ पुरते भरले! त्यांच्या नियतीबद्दल आम्ही काही बोलत नाही. पण ही रीत फक्त काटकोन त्रिकोणाला चालते, आणि हा तुकडा काटकोनी आहे का, हे कोणी पाहिलेच नाही.

त्रिकोणांची नावे आपली मुले परीक्षेपुरती पाठ करतात. बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. उर्दू माध्यमात शिकलेल्या आयांना हेच मुतसावी-उस-साकैन, कायमतुज्जाविया वगैरे आठवत असेल. (साक म्हणजे पायाची नळी. दोन सारख्या पायांवर उभा, म्हणून समद्विभुज.) नावे दोन प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि एकच त्रिकोण दोन्ही नावे घेतो. आपला तुकडा विषमभुज आहे, हे फितीनेच सांगितले. कोन मात्र शेतात उभे राहून डोळ्यांना नीट दिसत नाही.

तो बाजूंवरूनच ओळखायची रीत अल-ख्वारिज्मी यांनी बगदादमध्ये, सुमारे ८२० साली, बीजगणिताच्या किताबात दिली आहे. दोन लहान बाजूंचे वर्ग करून बेरीज घ्या. ती मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी भरली तर काटकोन, जास्त भरली तर लघुकोन, कमी पडली तर विशालकोन. काटकोनासाठी त्यांनी ६, ८, १० घेतले, विशालकोनासाठी ५, ६, ९ आणि लघुकोनासाठी १३, १४, १५. विशेष म्हणजे जमीन मोजणी आणि वारसाहक्काची वाटणी, दोन्ही त्याच एका किताबात आहेत. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'तही १३, १४, १५ चाच त्रिकोण सोडवला. अकबराच्या दरबारातल्या फैजींनी त्या ग्रंथाचे १५८७ मध्ये फारसीत भाषांतर केले.

आपल्या तुकड्यात १३० चा वर्ग १६९००, १४० चा १९६००, बेरीज ३६५००. १५० चा वर्ग २२५००. बेरीज जास्त, म्हणजे तुकडा लघुकोनी. भावांची रीत येथे लागू नाही.

मग मोजायचे कसे? शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या टोकापासून ५० फूट चालत जा. तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली तर ती धुऱ्याशी बरोबर काटकोन करील आणि १२० फूट भरेल. (रस्त्याच्या बाजूला पडताळा पाहा : ५० आणि १२० च्या वर्गांची बेरीज १३० चा वर्ग.) १४० गुणिले १२०, त्याचे निम्मे, ८४०० चौरस फूट. म्हणजे ७.७ गुंठे. बहिणीचे सुमारे ७५० चौरस फूट कमी पडतात. दोन खोल्यांचे घर उभे राहील एवढी जागा.

शिवाय तिकोनी रानाला धुरा जास्त लागतो. या तुकड्याचा घेर ४२० फूट. तेवढ्याच क्षेत्राचा चौरस असता तर ३६७ च्या आसपास. टोकांत ट्रॅक्टर वळत नाही, सरी आखूड होत जाते. उलट रस्त्याकडच्या जमिनीला भाव जास्त. या दोन्ही गोष्टी आईला मध्ये बसवून बोलाव्यात.

क्षेत्र मात्र सहज पुरे करता येते. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचे, भावांच्या शेताकडचे टोक त्याच धुऱ्याच्या रेषेत साडेबारा फूट पुढे सरकवायचे. रस्त्यावरचा कोपरा आहे तिथेच राहू द्यायचा. धुरा १५२.५ झाला, उंची तीच १२०, क्षेत्र ९१५०. खुणा रोवण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज द्यावा आणि मोजणीच्या दिवशी त्या भगिनीने स्वतः शेतात हजर राहावे.