चितळकरांचा ठेका

अमेरिकेत १९५५ साली बिल हेली यांच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने तरुणांना वेड लावले. पुढच्या दोनच वर्षांत ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ आपल्याकडे गाजले. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते वेगवेगळे गायले. चाल होती पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र यांची. हिंदी चित्रपटातल्या रॉक अँड रोलचा विषय निघाला की हे गाणे आठवतेच. मात्र चितळकर त्या लाटेवर स्वार होऊन आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाश्चात्त्य ठेका त्यांनी त्याआधी दहा वर्षे हाताळला होता.

‘शहनाई’तले (१९४७) ‘आना मेरी जान संडे के संडे’, ‘पतंगा’तले (१९४९) ‘मेरे पिया गए रंगून’ आणि ‘अलबेला’तले (१९५१) ‘शोला जो भडके’ या तिन्ही गाण्यांत त्यांचा स्वतःचा आवाज आहे. गायक म्हणून ते ‘चितळकर’ हे नाव लावत. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा तरुण मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवत असे. ‘सुखी जीवन’ (१९४२) हा चित्रपट भगवानदादांनी त्यांच्याकडे सोपवला, आणि ‘अलबेला’ने पुढे त्या दोघांना अफाट लोकप्रियता दिली.

त्यांच्यावर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो. ‘समाधी’तल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल परदेशी गाण्यावरून घेतली होती, हे मान्यच करायला हवे. पण ‘अनारकली’ची (१९५३) गाणी आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ (१९६३) हीसुद्धा त्यांचीच. रागाची आणि शब्दाची जाण पक्की होती, म्हणूनच बाहेरचा ठेका त्यांच्या हाती परका राहिला नाही.

या किमयेत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले हे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत येत. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या गाण्यांना साज चढवत. संगीतकार चाल बांधी; तिला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बोंगोचे अंग हे वादक देत. तबकडीवर मात्र गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई, वादकांचे नाही. त्यातल्या कित्येकांची ओळख आज पुसली गेली आहे.

न्हावा शेव्याच्या किनाऱ्याने हा इतिहास आपला म्हणून वाचावा. आगरी-कोळी हळदीत वाजणारा बेंजो मुळात जपानी वाद्याच्या घराण्यातला. आपल्या वादकांनी त्यावर कोळीगीते अशी बसवली, की त्याचे परकेपण कुणाला आठवतही नाही. चितळकरांनी स्टुडिओत जे केले, तेच बेंजो पार्टीने मांडवात केले. मात्र तिच्या वादकांची नावेही लिहून ठेवण्याची रीत नाही. इथे ही उणीव अधिक बोचते. १९८९ साली सुरू झालेल्या बंदरासाठी गावांनी जमिनी दिल्या, शेवा कोळीवाड्याला मूळ जागा सोडून हनुमान कोळीवाड्यात यावे लागले. गाव हलले की घरांबरोबर आठवणींचाही ठावठिकाणा सुटतो, आणि जुने वादक काही कायमचे सोबत राहणार नाहीत.

म्हणून उरण परिसरातल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि ग्रामपंचायतींनी हे काम हाती घ्यावे. ज्येष्ठ बेंजोवादक, ढोलकीवादक आणि गायकांना बोलते करावे, त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात आणि प्रत्येक चालीपुढे वाजवणाऱ्याचे नाव लिहावे. याला मोठा निधी लागत नाही; हातातला मोबाइल आणि एक वही पुरते. गोव्याच्या वादकांच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला. इथे तो होऊ देऊ नये.