‘तिकडे’ म्हणजे कुठे?

या महिन्यात प्रशिक्षकांशी आणि संघांच्या कर्णधारांशी एकाच विषयावर बोलायचे आहे. शत्रू कुठे दिसला, हे साथीदाराला सांगायचे कसे? आपल्याकडे नेमबाजीवर तासन्‌तास घाम गाळला जातो, रिकॉइल आवरण्याचे धडे गिरवले जातात. कॉलआउट मात्र ‘खेळता खेळता येतील’ म्हणून सोडून दिले जातात. आमच्या मते सामने इथेच हातचे जातात.

तळोद्यातल्या चार मुलांचा बीजीएमआयचा सराव नुकताच शेजारी बसून ऐकला. हात चपळ, नेम पक्का. पण गोळी लागताच आवाज आला, “भाऊ, तिकडे आहे, झाडामागे!” एरँगेलचा नकाशा ८ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे, आणि झाडांना तिथे तोटा नाही. तिघांनी तीन दिशांना माना वळवल्या. दुसऱ्याने होकायंत्र वाचून अंश सांगितले, तेव्हा वाटले की हा शिकलेला आहे. तरी त्याचाही उपयोग झाला नाही, आणि त्याचे कारण प्रत्येक प्रशिक्षकाने फळ्यावर काढून दाखवावे असे आहे. पडद्यावरचे अंश सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजलेले असतात. शत्रू माझ्यापासून सरळ उत्तरेला १०० मीटरवर असेल, तर माझ्यासाठी तो ० अंशांवर आहे. माझ्या पूर्वेला १०० मीटरवर उभ्या असलेल्या साथीदारासाठी तोच शत्रू ३१५ अंशांवर आहे. चौघे एका भिंतीआड असतील तर अंश चालतात. संघ पांगला की अंश फसवतात.

तळोद्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘हातोडा पुलाच्या अलीकडे थांब’ असे तळोद्यातून कुणी म्हणाले तर तो तापीचा उत्तर काठ होतो. नंदुरबारहून येणाऱ्याचे ‘अलीकडे’ मात्र दक्षिण काठावर असते. पूल दोघांनाही ठाऊक आहे, घोळ आहे तो ‘अलीकडे’चा. म्हणून डावीकडे, पुढे, मागे, तिकडे हे शब्द सरावातून हद्दपार करा. आधी न हलणारी खूण सांगा, मग तिच्यापासूनची दिशा: “चर्चच्या पूर्वेला, लाल छत.”

पोचिंकी, रोझोक, जॉर्जोपोल ही नावे नकाशावर छापलेलीच आहेत आणि ती चार दिवसांत तोंडी बसतात. खरी अडचण त्यांच्या आत आहे. पोचिंकी हे नाव एक, पण झटापट होते ती एखाद्या घरात, कुंपणाशी किंवा उतारावर, आणि त्यांना नाव नसते. ते संघालाच द्यावे लागते. व्हॅलोरंटवाल्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. तिथे लहान नकाशाच्या वर तुम्ही उभे असलेल्या जागेचे नाव सतत दिसते. जानेवारी २०२३ मध्ये आलेला, आपल्या पश्चिम घाटात कल्पिलेला ‘लोटस’ घ्या: ए, बी, सी अशा तीन साइट, दगडी फिरते दरवाजे, आणि प्रत्येक कोपऱ्याला ठरलेले नाव. एकट्याने कस्टम गेम उघडून तो पायाखाली घालता येतो. बीजीएमआयमध्ये आपली खोली उघडायला रूम कार्ड लागते, आणि लहान गावातल्या संघाकडे ते दर वेळी असतेच असे नाही.

म्हणून आम्ही कागदाचा आग्रह धरतो. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परत आला तो १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घेऊनच, आणि आम्हाला ती योग्य वाटते. ते ३ तास नावे घोकण्यात घालवू नयेत. आपण नेहमी उतरतो ती दोन गावे कागदावर मोठी काढा. चौघांनी मिळून घरांना, टेकाडांना, वळणांना नावे द्या. भिली, पावरी, अहिराणी, हिंदी, जी सुचेल ती भाषा घ्या. जागेला नाव एकच हवे आणि ते तोंडातून चटकन निघायला हवे. नुसती यादी पाठ करू नका. प्रत्येक नावासोबत त्या जागेवरून काय दिसते आणि तिथे कोण टिपू शकतो, हेही बोला. जागेचे काम कळले की नाव डोक्यात टिकते. मग प्रशिक्षकाने कागदावर बोट ठेवावे आणि खेळाडूने क्षणात नाव सांगावे. मोबाइल तोवर खिशात.

बोलण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी किती जण, मग कुठे, मग काय अवस्था. “दोन, गोदाम, एक नॉक.” एवढे पुरे. बाद झालेल्या खेळाडूने शेवटची माहिती एकदा द्यावी आणि गप्प बसावे. त्याची हळहळ जिवंत साथीदाराच्या कानात शिरली की शत्रूच्या पावलांचा आवाज बुडतो. हे मुलांना शांतपणे, पण पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणून मान हवा असेल तर सरावही खेळासारखा बांधलेला हवा, आणि त्याला महागडा फोन लागत नाही. पुढच्या स्पर्धेआधी प्रत्येक प्रशिक्षकाने निदान एक आठवडा फक्त या कामाला द्यावा. तुमच्या संघाने काढलेले कागदी नकाशे आमच्याकडे जरूर पाठवा. उपयुक्त वाटतील ते पुढच्या अंकांत छापू.