रेषेआधी हंगाम ठरवा

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक गोड्या पाण्यातले. मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष-सचिव, बीज केंद्र चालवणारे, तलावाचा ठेका घेणारे, मत्स्यव्यवसाय खात्यातले अधिकारी. निलंग्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग दोन देशांमधल्या सागरी मासेमारी करारांवर संपादकीय कशाला, असं कोणीही विचारील.

उत्तर औराद शहाजानीच्या परिसरात आहे. तिथे तेरणा मांजरेला मिळते, मांजरा पुढे कर्नाटकात शिरते आणि तेलंगणातून जाऊन गोदावरीला मिळते. पावसाळ्यात बॅरेजची दारं उचलली की संस्थेने पदरमोड करून सोडलेली कटला-रोहूची बोटुकली पाण्याबरोबर खाली जाते. खालच्या अंगाला जाळं टाकणारा ती धरतो. त्याला चोर कसं म्हणणार? माशावर काही संस्थेचा शिक्का नसतो. त्याच दिवसांत गाभोळी धरलेली मोठी मासळी प्रवाहाच्या उलट वर चढू पाहते आणि बॅरेजच्या भिंतीखाली गोळा होते. तिथे तिच्यावर फेकजाळी पडतात, अलीकडूनही आणि पलीकडूनही. गोदावरी लवादाच्या १९८० च्या निवाड्याने राज्यांना पाणी वाटून दिलं. टीएमसीच्या हिशेबात मासा मात्र बसत नाही. म्हणून समुद्रावरच्या शेजाऱ्यांनी काय केलं, कुठे जमलं आणि कुठे फसलं, हे आपणही पाहायला हवं.

महाराष्ट्रात भारत-पाकिस्तान सागरी सीमेच्या प्रश्नाची झळ सोसतो तो पालघर जिल्हा. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. आपल्याकडचे ऊसतोड मजूर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, तसंच हे. बोट दुसऱ्याची, जाळं दुसऱ्याचं, बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवणार. पाकिस्तानी गस्तीने बोट धरली की तुरुंगात मात्र सगळेच जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून निघालेल्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा यंत्रणेने गोळीबार केला. त्यात ठार झालेला खलाशी पालघरचाच होता. जे सुटतात ते कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा सीमा असे येतात. ओख्याच्या समुद्रात धरलेला माणूस पंजाबातून घरी पोहोचतो.

१ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी दिलेल्या याद्यांप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे १९३ मच्छीमार होते, भारताच्या ताब्यात ८१. २००८ च्या करारानुसार अशा याद्या दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दिल्या-घेतल्या जातात. थोडक्यात, धरलेली माणसं मोजण्याचा करार या दोन देशांत आहे, मासे धरण्याचा नाही.

याचं कारण म्हणून सर क्रीककडे बोट दाखवलं जातं. कच्छ आणि सिंध यांच्यामधली ही सुमारे ९६ किलोमीटरची खाडी. मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाचा अर्थ कसा लावायचा, यावर वाद आहे. सीमा खाडीच्या पूर्व काठावर आहे, असं पाकिस्तान म्हणतो. ती प्रवाहाच्या मध्यातून जाते, असं भारत म्हणतो. खाडीचं तोंड कुणाचं हे ठरेना, म्हणून पुढची सागरी सीमाही ठरेना. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ७३ सांगतं की अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात, मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल परदेशी मच्छीमाराला कैदेची शिक्षा देता येत नाही. दोन देशांनी आपसात तसं ठरवलं असेल तरच देता येते. पुरेसा जामीन दिला की बोट आणि माणसं तातडीने सोडायची, असंही त्यात आहे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार मान्य केला आहे. पण रेषाच नाही, तर बोट नेमकी कुणाच्या पाण्यात होती इथूनच भांडण सुरू होतं, आणि ते मिटेपर्यंत माणूस गजाआड.

सीमा ठरल्याशिवाय मासेमारीचं काही ठरवता येत नाही, हे म्हणणं मात्र खरं नाही. बॅरेंट्स समुद्रात नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांच्यात सीमेचा वाद होता. एक नाटोचा सभासद, दुसरा नाटोचा शत्रू. तरी १९७५ मध्ये त्यांनी मासेमारीचा करार केला आणि संयुक्त आयोग नेमला. शास्त्रज्ञांनी साठा मोजायचा, आयोगाने वर्षाचा कोटा ठरवायचा, इतर देशांचा वाटा काढून उरलेला कॉड मासा निम्मा-निम्मा घ्यायचा. सीमेचा करार झाला तो २०१० मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर कॉड काही वाट पाहत थांबला नव्हता.

उलट बाजूही आहे. भारत आणि श्रीलंका यांनी १९७४ आणि १९७६ मध्ये सागरी रेषा आखली. कच्चतीवू बेट पलीकडे गेलं, आणि एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करायची नाही, असं १९७६ च्या पत्रव्यवहारात ठरलं. नकाशावर सगळं स्वच्छ. पण पाल्कच्या उथळ समुद्रात दोन्हीकडचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत होते, आणि पुढे तमिळनाडूच्या बाजूला तळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. श्रीलंकेतली यादवी संपल्यावर जाफनाचे तमिळ मच्छीमार समुद्रात परतले, तर त्यांची जाळी या ट्रॉलरखाली फाटू लागली. रेषा आहे, अटकाही आहेत, आणि मासा दोघांचाही कमी होतो आहे.

बांगलादेशाचं उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचं. भारताशी असलेला त्यांचा सागरी सीमावाद २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निकाली काढला. तरीही मच्छीमारांची तक्रार राहिलीच, कारण बंदीचे दिवस वेगळे होते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून, बांगलादेशात २० मे ते २३ जुलै. आपली जाळी सुकत पडलेली असताना शेजारी येऊन मासळी नेतात, असं तिथले मच्छीमार सांगत. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी करून घेतली. इंचभर जमीन किंवा पाणी न देता-घेता निम्मं दुखणं कमी होण्याची सोय झाली.

आम्हाला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. मासे वाटून घेताना रेषेपेक्षा हंगाम आधी ठरवावा. रेषा मालकी सांगते, पण मासा वाढतो तो बंदीच्या दिवसांत. हे दिवस दोघांनी एकत्र पाळले नाहीत, तर पाळणारा मूर्ख ठरतो आणि पुढच्या वर्षी तोही पाळत नाही.

मांजरा-तेरणेवर हे करायला दिल्लीची गरज नाही. मत्स्यव्यवसाय हा घटनेच्या राज्यसूचीतला, २१ व्या नोंदीतला विषय. परराष्ट्र खातं मध्ये येत नाही, गस्ती नौका नाहीत, कुणाला वाघ्याहून आणावं लागत नाही. निलंगा आणि देवणी तालुक्यांतल्या संस्थांनी बीदरकडच्या संस्थांशी तीन कलमांवर बोलावं.

पहिलं, पावसाळी प्रजननाच्या काळातली बंदी दोन्ही काठांवर एकाच तारखेला सुरू व्हावी आणि एकाच तारखेला संपावी. बॅरेजच्या भिंतीखालचा पट्टा तर त्या काळात पूर्ण बंद. दुसरं, बीज कुणी, कधी, किती सोडलं याची नोंद दोघांनी एकमेकांना द्यावी, आणि पुराचा जोर ओसरल्याशिवाय बोटुकली सोडू नये. तिसरं, नियम मोडणाऱ्याचं काय करायचं ते आधीच लिहून ठेवावं: मासळी जप्त, ठरलेला दंड, पण मारहाण नाही आणि जाळं जाळणं नाही. कलम ७३ मागचं शहाणपण नदीवरही लागू पडतं.

कोणी म्हणेल, संस्थांच्या अशा कागदाला कायद्याचा आधार काय? सुरुवातीला फारसा नाही, हे मान्य. पण दोन हंगाम तो पाळला गेला, तर दोन्ही जिल्ह्यांच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांकडे नेण्यासारखा पुरावा हातात असेल, आणि ठेक्याच्या अटींत ही कलमं घालून मागता येतील. मृग लागण्याआधी पहिली बैठक व्हायला हवी. संस्थांनी आपापल्या हद्दीतल्या बॅरेजवर मागच्या पावसाळ्यात काय घडलं ते लिहून पाठवावं. ते टिपण आणि कराराचा मसुदा आम्ही पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.